शेफसाहेबांचं विनाग्रेट

माझा धाकटा दीर स्वतःला शेफ म्हणवून घेतो. पोटासाठी तो रंगाच्या दुकानात नोकरी करतो. गिऱ्हाईक छटांच्या पुस्तकावर बोट ठेवतं, हा यंत्रातून थेंब थेंब रंग सोडतो, डबा घुसळतो आणि झाकण रबरी हातोडीने ठोकून बंद करतो. पण कुणी विचारलं, आपण काय करता, तर आधी घसा साफ करतो आणि म्हणतो, "तसा मी शेफ." त्या 'तसा'मध्ये त्याचं निम्मं चरित्र आलं. उरलेलं मी सांगते.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो शाळेत जात होता. थोरल्या मुलानंतर, म्हणजे आमच्या ह्यांच्यानंतर, सासूबाईंना फार उशिरा झालेला हा शेवटचा, त्यामुळे तो शिंकला तरी कौतुक. एकदा त्याने अंडं तळलं. सासूबाई ती बशी घेऊन जिन्यातल्या प्रत्येक दारात उभ्या राहिल्या. बघा, कडा कशा जाळीदार झाल्यात. अंडं दाखवून दाखवून गार झालं, ते शेवटी मीच खाल्लं. रोजचा सगळ्यांचा स्वयंपाक माझ्या गळ्यात होता, पण माझी बशी कुणी उंबऱ्यापर्यंतसुद्धा नेली नाही.

पुढे तो एका मोठ्या हॉटेलात लागला. घरी पांढरा कोट आला, दोन रांगांच्या बटणांचा. मी तेव्हा तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला होते. माझ्यासमोरून शर्ट आणि कोट सरकत जायचे आणि उसवलेली शिवण, वाकडी कॉलर, सैल बटण हुडकून मी माल बाजूला काढायची. त्या कोटाचं एक बटण सुटायला आलेलं मला दारातूनच दिसलं. तसं सांगितलं, तर म्हणाला, "वहिनी, आमच्या किचनमध्ये बटणं कोण बघतं." तिथे नक्की काय बघतात ते हळूहळू कळलं. शेफसाहेबांची नेमणूक गार किचनमध्ये होती. तिथे चूल नाही, शेगडी नाही, नुसते फ्रीज, कापायच्या फळ्या आणि पालापाचोळा. पानं धुवायची, काकडी कापायची, बशीत रचायची आणि वरून काहीतरी ओतायचं. आगीचं तोंड न बघितलेला आचारी मी तरी पहिलाच पाहिला.

काही वर्षांनी एका भरदुपारी तो कोट पिशवीत कोंबून घरी आला आणि परत गेलाच नाही. मोठ्या शेफना माझं चांगलं बघवत नाही म्हणाला. माझ्या हाताला चव आहे, ती त्यांना सलते. सासूबाईंनी त्या न पाहिलेल्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी एवढंच विचारलं की काकडी कापायला हाताला कसली चव लागते. त्यावर घरात बराच काळ माझ्याशी अबोला होता.

मग रंगाचं दुकान आलं. त्याचं लग्न झालं, सासूबाई गेल्या, तो आणि धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर राहू लागले आणि आम्ही दोघं खाली राहिलो. सासूबाईंनी एक गोष्ट मात्र मागे ठेवली. रविवारचं दुपारचं जेवण दोन्ही घरांनी एकत्र करायचं. ते वर, शेफसाहेबांकडे. आणि त्या जेवणात दर रविवारी, न चुकता, व्हिनेग्रेट.

हे व्हिनेग्रेट म्हणजे काय हे सांगते, कारण मला ते झोपेतून उठवलं तरी सांगता येईल, इतकं ते माझ्या डोक्यात ओतलं गेलंय. मोहरी व्हिनेगरमध्ये भिजत घालायची. फुगली की निम्मी बारीक वाटायची, निम्मी भरड ठेवायची. मोठ्या वाडग्यात ती मोहरी, व्हिनेगर, मीठ आणि ठेचलेली लसणाची पाकळी घालून आधी फेसायची. मीठ आत्ताच घालायचं, कारण तेलात ते विरघळत नाही. मग व्हिनेगरच्या तिप्पट तेल, पण एकदम नाही, धार धरून, आणि दुसऱ्या हाताने फेटणं चालू. मोहरीमुळे दोन्ही मिळून येतं, दाटसर, पिवळट होतं आणि सॅलडच्या पानांना धरून राहतं. हात थांबला की फुटतं, तेल वर आणि आंबट खाली.

झालं. पाच मिनिटांचं काम आहे. पण शेफसाहेबांना त्याला अर्धा तास लागायचा आणि त्या अर्ध्या तासात आम्ही टेबलाशी बसलेलं असायला हवं. वाडग्याखाली ओलं फडकं घातलं जायचं, बाह्या दुमडल्या जायच्या. मग भाषण. तेलाचं आणि व्हिनेगरचं जन्माचं वैर, आणि मोहरी त्यांच्यात समेट कशी घडवते. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मोहरी दिसली की मला भांडण सोडवणारी शेजारीण आठवते. आमचे हे त्याला 'विनाग्रेट' म्हणायचे. ग्रेटपणा वजा केल्यावर जे उरतं ते. पण म्हणायचे फक्त माझ्याजवळ. भावासमोर मूग गिळून बसायचे आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे.

आणि हे भाषण चालू असताना धाकटी आत काय करत असेल? सगळं. पानं तीन पाण्यांतून काढून, फडक्यात गुंडाळून, झटकून कोरडी करायची, कारण ओल्या पानावरून साहेबांचं व्हिनेग्रेट घसरतं. बटाटे उकडायचे, कोंबडी भाजायची, पाव कापायचा. साहेबांनी मळवलेले चमचे घासायचे. ती बाहेर यायची फक्त एका कामासाठी. हा एक पान वाडग्यात बुडवून तिच्या तोंडात घालायचा आणि तिच्याकडे टक लावून बघत राहायचा. ती चावायची, मान डोलवायची. मग हा एकदम उजळायचा आणि म्हणायचा, "वाढा." केस पिकल्यावर हे लाड. मी तेव्हा खिडकीबाहेर बघायची.

एवढंच असतं तर मी सोसलं असतं. पण त्याला माझ्या स्वयंपाकावरही मत होतं. आमच्याकडे खाली जेवायला आला की पहिल्या घासाला भुवई वर. वहिनी, तुमची मिरी जुनी झालीय, वासच नाही. वहिनी, सूपला जळकट वास येतोय, तळाला लागलं का? वहिनी, हे लोणी कुठून आणता? एकदा माझ्या बहिणीसमोर म्हणाला की जायफळ जास्त झालंय. नाकाने कांदे सोलणारी माणसं मी कारखान्यातही पाहिली होती, पण तिथे त्यांच्या हातात निदान मोजपट्टी असायची.

गेल्या उन्हाळ्यात धाकटीच्या बहिणीचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि ती मदतीला बहिणीच्या गावी गेली. साहेब वर एकटे, रविवारची जेवणं तेवढी बंद. घरातल्या वस्तू ती लहान लहान आणायची, तेलाचीसुद्धा छोटी, काळसर बाटली. हा एकटा बाजारात गेला आणि पारदर्शक काचेची, बुचाची, मोठी थोरली बरणी भरून तेल घेऊन आला. ती त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. ऊन पडलं की कशी सोन्यासारखी चमकते, बघा म्हणाला. मी बघितली. चमकत होती.

काही आठवड्यांनी त्याचे जुने मोठे शेफ आमच्या शहरात आले. मुलाने नवं घर घेतलं होतं, तिथे राहायला. कुठून तरी नंबर मिळवून त्यांनी फोन केला, आणि ज्या माणसाला आमच्या घरात इतकी वर्षं खलनायक म्हणून ओळखत होते, त्याला शेफसाहेबांनी रविवारी जेवायला बोलावलं. आम्हालाही हुकूम आला.

"तुला त्यांचं बघवत नव्हतं ना?" मी विचारलं.

"त्यांना माझं बघवत नव्हतं," तो म्हणाला. "आता बघू दे."

म्हातारा वेळेवर आला. सडपातळ, टक्कल पडलेला, हातावर जुन्या भाजल्याचे डाग. म्हणजे ह्याने तरी आग पाहिली होती. फार बोलत नव्हता. कोंबडी मी खालून भाजून नेली होती, बटाटे, शेंगा आणि अंडी मीच उकडली होती, पानंही मीच धुतली होती. शेफसाहेबांनी तो पांढरा कोट घातला होता. पोटावर बसत नव्हता, म्हणून खालची बटणं मोकळी. वाडग्याखाली फडकं आलं, बाह्या वर गेल्या, मोहरीने समेट घडवला. म्हातारा हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून ऐकत होता. मला वाटलं, ह्याच्यापुढेही हे भाषण? सूर्याला काजवा दाखवण्यातला प्रकार. पण चालू होतं.

शेवटी त्याने एक पान बुडवलं आणि सवयीने डावीकडे वळला. तिथे धाकटी नव्हती, भिंत होती. मग ते पान त्याने स्वतःच्या तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "वाढतो."

पहिला घास तोंडात गेला आणि माझी जीभ टाळूला चिकटली. तेल खवट झालं होतं. साधंसुधं खवट नाही. जुन्या, अर्ध्या वापरलेल्या रंगाच्या डब्याचं झाकण उघडल्यावर जो वास येतो ना, तो. सगळ्या टेबलावर तो पसरला होता. ह्यांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि बशीतल्या अंड्याकडे असे बघत बसले की जणू ते आत्ता बोलणार आहे. म्हाताऱ्याने एक पान खाल्लं, दुसरं खाल्लं. चेहऱ्यावर काही नाही.

"मोहरी छान फेसलीस," तो म्हणाला.

शेफसाहेब उजळले. "तुमच्याकडे होतो तेव्हापेक्षा चांगलं झालंय ना, सर?"

"हात बसलाय."

आता मला त्या दोघांचाही राग आला. एकाने विष करून वाढायचं आणि दुसऱ्याने मोठेपणाने गिळायचं. आमच्या कारखान्यात असा माल मी डोळ्यांसमोरून पुढे जाऊ दिला नसता.

"तेल खवट आहे," मी म्हणाले.

ह्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. मी तो काढून टाकला.

"वहिनींना खोड काढायची सवय आहे," दीर म्हाताऱ्याला म्हणाला, हसून. "नोकरीच तशी होती."

"खोड नाही. खवट आहे. वास घे."

त्याने काय करावं? मोठा चमचा वाडग्यात बुडवला, भरून घेतला आणि सरबतासारखा पिऊन टाकला. "मस्त आहे," म्हणाला. "सर, तुम्हीच सांगा."

म्हाताऱ्याने काटा खाली ठेवला. खुर्ची मागे सरकवून तो उठला, खिडकीतली ती चमकणारी बरणी घेऊन आला, बूच काढलं आणि बरणी त्याच्यासमोर ठेवली. बूच निघाल्याबरोबर ह्यांनी तोंड फिरवलं.

"हुंग," म्हातारा म्हणाला.

शेफसाहेबांनी बरणी नाकाशी धरली. सावकाश, खोल श्वास घेतला, नाटकातल्यासारखा. "फळाचा वास आहे," म्हणाला. "ताजं आहे. थोडासा गवताचा…"

"कधीपासून?" म्हाताऱ्याने विचारलं.

"काय कधीपासून?"

"नाक."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं पिरपिरणं ऐकू येत होतं. दीर बरणीला बूच लावू लागला, ते नीट बसेना. मग त्याने ते तसंच सोडलं आणि खुर्चीत बसला. कोटासकट माणूस एवढासा दिसत होता.

"तुमच्याकडेच होतो तेव्हा," तो म्हणाला. "थंडीत ताप आला होता बघा, आठवडाभर. ताप गेला, सर्दी गेली. वास काही परत आला नाही. मला वाटलं येईल. आज येईल, उद्या येईल. मग ते कोळंबीचं सॅलड झालं."

कोळंबीचं सॅलड म्हणजे काय, ते मी विचारलं, कारण मला कुणी काही सांगितल्याशिवाय बसवत नाही. म्हाताऱ्याने सांगितलं. एका मोठ्या पार्टीला गार किचनमधून कोळंबीचं सॅलड गेलं होतं आणि कोळंबी उतरलेली होती. वास इतका की वेटरने बशी हात लांब धरून परत आणली. आणि हा तिथे उभा राहून सांगत होता की सकाळीच आलीय, ताजी आहे.

"मला वाटलं तू पिऊन आलायस," म्हातारा म्हणाला. "किंवा तुला कशाचंच काही वाटत नाही. मी तुला त्याच क्षणी कोट काढायला लावला."

"हो."

"तेव्हा सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर ठेवलं असतं?"

म्हाताऱ्याने विचार केला. खोटं बोलायची चांगली संधी होती, पण घेतली नाही. "नाही," तो म्हणाला.

"मग?"

म्हणजे हा माणूस नाकाशिवाय आमच्या डोक्यावर मिरे वाटत होता. इतकी वर्षं. कुणाला दया आली असेल तर येवो, मला आधी आठवलं माझं सूप.

"आणि माझ्या सूपला जळका वास येतो म्हणायचास, तो कुठून यायचा?"

त्याने माझ्याकडे बघितलं. खाली मान घालायला हवी होती, पण तो शेवटी तोच. "अंदाजाने," म्हणाला. "तुमचं सूप बहुतेक वेळा लागलेलंच असतं, वहिनी."

हे हसले. भाऊ इतका उघडा पडलेला आणि हे हसले, तोंडातलं पाणी सांडेपर्यंत. म्हाताराही ओठ आवळून बसला. मी त्या दोघांकडे असं बघितलं की ह्यांनी सांडलेलं पाणी पुसायला घेतलं.

"आणि जायफळ? माझ्या बहिणीसमोर?"

"तुम्ही किसताना मी बघितलं होतं."

"बायकोला माहीत आहे?"

"तिलाच तेवढं माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर आधी तिला चाखायला देतो. ती मान डोलवते, मग मी वाढतो."

मी गप्प बसले नाही. हे सगळं सोंग कशाला, असं विचारलं. रंगाचं दुकान आहे, पगार आहे, वास येत नाही तर येत नाही, दर रविवारी आमच्या बोडक्यावर हे पिवळं पाणी का?

त्याने वाडगा स्वतःकडे ओढला. फेटणं थांबल्यामुळे ते फुटलं होतं, वर तेलाचा तवंग आला होता. बोटाने त्याने थोडी मोहरी उचलली आणि चाटली. "बाकी सगळं कागद चघळल्यासारखं लागतं, वहिनी. कोंबडी, पाव, तुमचा केक, सगळं एकच. खारट कळतं, आंबट कळतं, बस्स. पण मोहरी चढते. इथे." त्याने नाकाच्या मुळाशी बोट ठेवलं. "तेवढं एकच काय ते नाकात जातं माझ्या. आठवड्यातून एकदा नाक आहे असं वाटतं."

मी उठले. वाडगा उचलला आणि मोरीत ओतून टाकला, कारण खवट तेल नाकाच्या कहाणीने ताजं होत नाही. मग त्याला म्हणाले, धाकटीची जुनी बाटली आहे का कुठे? होती, फळीमागे, तळाशी थोडं तेल उरलेली. म्हाताऱ्याने बाटली हुंगून मान डोलवली. शेफसाहेबांनी पुन्हा मोहरी फेसली, या वेळी तोंड बंद ठेवून, आणि पाच मिनिटांत झालं. जेवण पार पडलं. जाताना म्हाताऱ्याने त्याचा खांदा धरला आणि काहीतरी पुटपुटला, ते मला ऐकू आलं नाही, आणि दीराने सांगितलं नाही. फार मोठं काही नसावं. तो माणूस मोठं काही बोलणाऱ्यातला नव्हता.

धाकटी परत आल्यावर मी तिला खाली बोलावलं, चहा दिला आणि सरळ विचारलं. ती आधी घाबरली, मग तिला सुटल्यासारखं झालं. हो, माहीत होतं. लग्नानंतर लगेचच कळलं. गॅस चालू राहिला होता आणि हा तिथेच पेपर वाचत बसला होता.

"तेव्हापासून मी शेगडी दोनदा तपासते," ती म्हणाली.

"आणि चाखून त्याला सांगतेस."

ती कपाकडे बघू लागली. "ताई, कुणाला सांगू नका. मला आंबट अजिबात सोसत नाही. ते पान तोंडात आलं की माझे दात शिवशिवतात. मी चव बघतच नाही. चावल्यासारखं करते, गिळते आणि मान डोलवते."

"दर वेळी?"

"ते इतके आशेने बघतात माझ्याकडे."

मी कपाळाला हात लावला. म्हणजे नाक नसलेल्या माणसाने जीभ नसलेली बाई तपासणीला ठेवली होती. आमच्या कारखान्यात अशी जोडी असती तर एका बाहीचे शर्ट बाजारात गेले असते. एवढ्या वर्षांत ते व्हिनेग्रेट कितीदा चांगलं झालं आणि कितीदा बिघडलं, याचा पत्ता त्या वरच्या मजल्यावर कुणालाच नव्हता. पत्ता होता तो मला. मला दर वेळी कळत होतं. कधी लसूण कडवट, कधी व्हिनेगर जहाल, कधी मोहरी वाटताना तापलेली. मी सांगत नव्हते, कारण मला कुणी विचारत नव्हतं, आणि मनातल्या मनात नाक मुरडण्याची मजा काही वेगळीच असते.

पुढच्या रविवारी मी वर गेले आणि त्याच्यासमोर पान धरलं. "बुडवून मला दे," म्हणाले. "आणि आशेने बघू नकोस."

चावलं. "लसूण जुना आहे. कोंब आलेला घातलायस. आतला हिरवा कोंब काढून टाकायचा असतो, हे तुझ्या गार किचनमध्ये शिकवलं नाही?"

त्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. धाकटीने कधी मान आडवी हलवली नव्हती. तो वाडगा बाजूला सारून उठला, दुसरी पाकळी घेतली, कोंब काढला आणि पुन्हा फेसायला लागला. दुसऱ्यांदा मी म्हणाले, बरं आहे. त्याला 'बरं' पुरेना. बरं म्हणजे कसं? व्हिनेगर पुढे येतंय की तेल? पानाची चव राहते की मरते? मी म्हणाले, मला भूक लागलीय. असं आता दर रविवारी होतं. भांडणं होतात, जेवायला उशीर होतो, हे पाव कोरडाच खाऊन घेतात. धाकटी मात्र खूश आहे. तिला ते पान खावं लागत नाही.

नाक गेल्याचं उघड झाल्यावर माणूस थोडा नरमेल, अशी माझी समजूत होती. नाव नको. गावभर त्यानेच सांगितलं. रंगाच्या दुकानात, जिन्यात, दाढी करायला गेला तिथे. आणि कीव यावी असं नाही, तर पदक मिळाल्यासारखं. वास नसताना सॅलड करणारा शेफ, असा दुसरा दाखवा म्हणतो. आधी नाकाची फुशारकी होती, आता नाक नसल्याची आहे. काही माणसांना देव काहीही कमी देवो, टेंभा मिरवायला तेवढंही पुरतं.

हे ऐकून वाचनालयाच्या बाईंनी त्याला मागच्या खोलीत शनिवारचा वर्ग घ्यायला सांगितलं. घरच्या घरी सॅलड आणि व्हिनेग्रेट. मी हसले. मग कळलं की माणसांनी नावंही दिली. शेजारपाजारच्या बायका, दोन निवृत्त झालेले गृहस्थ, एक दातांची डॉक्टरीण. आणि दीर खाली येऊन दारात उभा राहिला.

"वहिनी, तुम्हाला यावं लागेल."

"मी का?"

"चाखायला कोण?"

"बायकोला ने."

"ती मान डोलवते," तो म्हणाला. म्हणजे त्यालाही कळलं होतं. कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही.

गेले. लोखंडी कपाटांच्या रांगेपलीकडे लांब टेबल, त्यावर प्रत्येकाचा वाडगा, प्रत्येकाखाली ओलं फडकं. तो कोट घालून उभा. बटणं मी आदल्या दिवशी सरकवून दिली होती, लोकांसमोर पोट दिसू नये म्हणून, बाकी काही नाही. समेटाचं भाषण झालं, नाकाचं झालं, मग म्हणाला, "या माझ्या वहिनी. यांच्या तावडीतून काही सुटत नाही." लोक हसले. मी नाही.

मग मी वाडग्यामागून वाडगे चाखत गेले. पहिलीचं फुटलं होतं. एका गृहस्थांनी मोहरी एवढी घातली होती की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना वाटलं कौतुकाने. डॉक्टरीणबाईंचं तेल घरून आणलेलं, ते मी हुंगूनच परत केलं. शेवटी त्याचाच वाडगा आला, सगळ्यांना दाखवायला केलेला. पान बुडवून खाल्लं.

"मीठ कमी आहे."

"मीठ मला कळतं, वहिनी," तो म्हणाला. "तुम्ही फक्त वासाचं बघा."

"बघते. वासावरूनच सांगते, मीठ कमी आहे."

वर्ग पुन्हा हसला. तो लाल झाला. आपलंच बरोबर कसं, हे त्याने सगळ्यांना सांगितलं. व्हिनेगर आंबट असलं की मीठ आपोआप पुढे येतं, घरगुती जिभेला ते लवकर लक्षात येत नाही, हॉटेलात असंच करतात. दातांची डॉक्टरीण ते टिपून घेत होती. मग गृहस्थांच्या वाडग्याकडे वळायचं निमित्त करून तो आपला वाडगा घेऊन टेबलाच्या टोकाला गेला, पाठ माझ्याकडे केली, बोट बुडवून चाटलं आणि डबीतली मिठाची चिमूट वाडग्यात टाकून फेटू लागला.